परवाना आहे, रायफल नाही

शस्त्रपरवाना मिळवणे हे आपल्याकडे चिकाटीचे काम आहे. अर्ज, पोलिसांची चौकशी, वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात ते सुरक्षित ठेवण्याची सोय आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा शहरात पोलीस आयुक्तांची मंजुरी. एवढे सगळे पार पडून परवाना हाती आला की माणसाला वाटते, आता दुकानात जायचे आणि मनासारखी रायफल घ्यायची. खरी निराशा तिथून सुरू होते.

दुकानाच्या मांडणीत सहसा दोनच गोष्टी ठळक दिसतात: बाराबोअरच्या दुनळी बंदुका आणि ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल. ज्याला झेक बनावटीची ब्रनो, जर्मन माउझर, ऑस्ट्रियाची मानलिखर-शोनाउअर किंवा इंग्लंडची रिग्बी हवी असते, त्याला "नंबर ठेवून जा, आली तर कळवतो" असे उत्तर मिळते. मग महिनोन्‌महिने फोन येत नाही. आलाच, तर सांगितलेला आकडा ऐकून गिऱ्हाईक गप्प होते. .२२ बोअरची वापरलेली ब्रनो युरोपात शिकाऱ्याच्या घरातली साधी वस्तू समजली जाते. भारतात त्याच रायफलीचा व्यवहार लाखांत होतो, आणि तेवढे पैसे घेऊन फिरणाऱ्यालाही ती मिळेलच असे नाही.

याचे सरळ कारण असे की १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य नागरिकासाठी बंदुकांची आयात बंद आहे. त्याआधी जे आले तेच आज हातोहात फिरते. नवी भर जवळजवळ नाही. मात्र ही टंचाई एका निर्णयाने आलेली नाही. तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचे कायदे आहेत. ते समजून घेतले, तर दुकानदार टाळाटाळ करतो असे वाटणाऱ्या गिऱ्हाइकाचा निम्मा राग तरी शांत होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारत ही ब्रिटिश बंदूककारांची मोठी बाजारपेठ होती. साहेब, लष्करी अधिकारी, चहामळ्यांचे मालक आणि संस्थानिक हे त्यांचे गिऱ्हाईक. मुंबईत काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा होती. तंबूपासून रायफलीपर्यंत सगळे तिथे मिळे. कलकत्त्यात रॉडा आणि कंपनीसारख्या पेढ्या विलायतेहून माल मागवत. हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, पर्डी, रिग्बी ही नावे राजवाड्यांच्या शस्त्रागारांत सहज ऐकू येत. दक्षिणेत केनेथ अँडरसन .४०५ बोअरची अमेरिकन विंचेस्टर घेऊन नरभक्षकांच्या मागे जंगल तुडवत असे.

सगळ्यांत प्रसिद्ध रायफल अर्थात जिम कॉर्बेटची. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले होते. १९०७ मध्ये कॉर्बेटने तिला मारले, तेव्हा संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी त्याला रिग्बीची .२७५ बोअरची बोल्ट-ॲक्शन रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर बसवलेल्या छोट्या चांदीच्या पट्टीवर त्या भेटीची नोंद कोरलेली आहे. रायफलीवर नाव रिग्बीचे असले, तरी तिची यंत्रणा जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याची आणि काडतूस ७ मिलिमीटर माउझरचे. १९२६ मध्ये रुद्रप्रयागच्या बिबट्यापर्यंत कॉर्बेटने ती वापरली. पुढे ती त्याच्या प्रकाशकांकडे गेली, अलीकडे रिग्बी कंपनीने स्वतःकडे घेतली आणि २०१६ मध्ये भारतात फिरवून नेली. जुन्या रायफली शोधणाऱ्यांच्या मनात 'रिग्बी' या नावाला जे वजन आहे, त्यात या एका रायफलीचा वाटा फार मोठा आहे.

पण ज्या काळात विलायती रायफली जहाजांतून उतरत होत्या, त्याच काळात सरकारचे त्यांच्यावर बारीक लक्षही होते. १८५७ची आठवण ताजी होती. १८७८च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना हत्यारासाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपीयांना त्यातून मोकळे ठेवले. हा भेदभाव उघड अन्यायाचा होता आणि राष्ट्रीय चळवळीने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. पुढच्या घटनांनी सरकारची भीती आणखी वाढवली. १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या लंडनहून गुप्तपणे आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाच्या. २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी कंपनीतल्याच एका कारकुनाच्या मदतीने रॉडाच्या मालातली ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली. आयात केलेले हत्यार कोणाच्या हाती जाईल, हा प्रश्न तेव्हापासून सरकारी फायलीतून कधी निघालाच नाही.

यातूनच बोअरचे ते कोडे निर्माण झाले, ज्यात आजचा खरेदीदार अडकतो. सैन्याचे काडतूस ज्या रायफलीत चालेल, ती नागरिकाकडे नको, हे सूत्र ब्रिटिशांनी ठरवले. १९०७ मध्ये भारतात आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलींचा बोअर तोच होता आणि त्या बऱ्याच संख्येने बंडखोरांच्या हाती होत्या. हत्तीच्या शिकारीच्या जड दुनळी रायफली बनवणाऱ्या लंडनच्या कंपन्यांना भारताचे गिऱ्हाईक सोडायचे नव्हते. त्यांनी थोडे इकडेतिकडे करून .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे पुढे आणली. आज आफ्रिकेत मोठ्या जनावरांच्या शिकारीत .४७० नायट्रो एक्स्प्रेसचे जे नाव आहे, त्यामागे कलकत्त्याच्या सरकारचा हा हुकूम आहे, हे तिथल्या किती शिकाऱ्यांना ठाऊक असेल!

.३०३ बोअरचेही तेच झाले. ते ब्रिटिश सैन्याचे काडतूस, म्हणून नागरिकाला मनाई. मग ली-एनफील्डच्याच यंत्रणेत ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे ८ मिलिमीटरचे जुने काडतूस बसवून भारतासाठी .३१५ बोअरची शिकारी रायफल तयार झाली. बर्मिंगहॅमच्या बीएसएने ती विकली आणि स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरने तिचे उत्पादन हाती घेतले. युरोपात ज्या काडतुसाला आता कोणी विचारत नाही, ते उत्तर प्रदेशापासून विदर्भापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे, ते यामुळे.

स्वतंत्र भारताने १९५९चा शस्त्र कायदा केला, वंशभेद काढून टाकला. पण सैनिकी बोअर निषिद्ध, बाकीचे अनिषिद्ध ही विभागणी कायम ठेवली. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर आजही निषिद्ध बोअरमध्ये येतात; .३१५, .२२, .३०-०६ ही अनिषिद्ध. परदेशी मासिकात पाहून रायफल पसंत करणाऱ्याची पहिली निराशा इथेच होते. जगातल्या कितीतरी शिकारी रायफली .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी बनतात, आणि ते ७.६२ नाटो या लष्करी काडतुसाचे जुळे भावंड आहे.

मग आली शिकारबंदी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले आणि १९९१च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली. हा निर्णय शंभर टक्के योग्य होता. जंगले कापली जात होती, वाघ दिसेनासे झाले होते, परदेशी पाहुण्यांना शिकार घडवून आणणाऱ्या कंपन्या राजरोस धंदा करत होत्या. तो थांबायलाच हवा होता. परंतु त्याचा एक परिणाम असा की 'शिकारी रायफल' या वस्तूला भारतात कायदेशीर काम फार थोडे उरले. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये गेले, त्यानंतर अनेक राजवाड्यांनी शस्त्रागारे मोकळी केली. उत्तमोत्तम इंग्लिश रायफली परदेशी व्यापाऱ्यांनी घाऊक भावात नेल्या. आज त्यांतल्या काही लंडनच्या लिलावांत भारतीय राजमुद्रेसह दिसतात. जे इथे उरले, त्यातले शंभर वर्षांपूर्वीचे नग आता पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसतात आणि देशाबाहेर जाऊ शकत नाहीत.

आयात पूर्ण बंद आहे असेही नाही. दोन फटी आहेत. एक नेमबाजांची. राष्ट्रीय स्पर्धांत ठरावीक कामगिरी करून 'प्रख्यात नेमबाज' हा दर्जा मिळवलेला खेळाडू परदेशी रायफल आणू शकतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले, त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले; या खेळात जर्मन किंवा तशाच तोडीच्या रायफलीशिवाय निभाव लागत नाही. पण ती स्पर्धेची .२२ रायफल, शिकारीची नव्हे. दुसरी फट परदेशात राहून कायमचे घरी परतणाऱ्यांसाठी. त्यांना अनिषिद्ध बोअरचे एक हत्यार आणता येते. मात्र ते परदेशात निदान वर्षभर त्यांच्या वापरात असायला हवे आणि इथे सोडवून घेतल्यावर हयातभर विकता येत नाही, उसनेही देता येत नाही. पेन्सिल्व्हेनियाहून पुण्याला परतणाऱ्याने आणलेली रायफल त्यामुळे बाजारात येतच नाही.

म्हणजे शोधणाऱ्याच्या वाट्याला उरतो तो फक्त जुना साठा. आणि जुनी रायफल म्हणजे काय, हे नळीत डोकावल्याशिवाय कळत नाही.

बाहेरून अक्रोडाचा दस्ता चकाकत असतो, ब्लूइंग बऱ्यापैकी टिकलेले असते, नळीवर बर्मिंगहॅमच्या किंवा लंडनच्या चाचणीगृहाचे मुकुटाचे शिक्के स्पष्ट असतात. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली की खरी स्थिती समोर येते. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की नळीत क्षाराचा थर राही आणि तो हवेतला ओलावा ओढून घेई. जाणकार शिकारी रात्री तळावर परतल्यावर उकळते पाणी नळीतून ओतूनच झोपत. ज्यांनी आळस केला, त्यांच्या रायफलीच्या आट्यांमध्ये गंजाचे काळे खड्डे आजही दिसतात. कोकणासारख्या दमट हवेत राहिलेल्या रायफलीत तर फारच. कॉर्डाइट ही त्या काळची बिनधुराची दारू फार उष्ण जळे. तिने चेंबरच्या पुढचा भाग झिजवलेला असतो. दस्त्याच्या मागच्या बोल्टजवळ केसासारखी बारीक भेग असेल, तर धक्क्याने लाकूड कधीतरी फाटणार. हे सगळे दुकानाच्या बल्बखाली पाच मिनिटांत कळत नाही, म्हणून माहीतगार माणूस स्वतःची छोटी विजेरी आणि सोबत जुना कारागीर घेऊनच जातो.

रायफल उत्तम निघाली तरी काडतुसांचा प्रश्न राहतोच. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. तिथल्या काडतुसांवर 'केएफ' ही अक्षरे असतात आणि बाराबोअरचे शक्तिमान हे तिथलेच. सरकारी कारखाने नागरिकांसाठी बाराबोअर, .२२, .३२, .३१५ यांसारखी मोजकी काडतुसे करतात. .२७५ रिग्बी, .३१८ वेस्टली रिचर्ड्स, .४०५ विंचेस्टर यांचे काडतूस इथे बनत नाही. आजोबांच्या कपाटात उरलेल्या दोन पाकिटांवर ती रायफल जिवंत असते. ती संपली की भिंतीवरची शोभा. म्हणूनच बाजारात एक विचित्र उतरंड दिसते. कारागिरीत श्रेष्ठ पण काडतूस न मिळणारी इंग्लिश रायफल मागे पडते आणि साधी .२२ ब्रनो किंवा .३०-०६ची परदेशी रायफल तिच्याहून अधिक धावपळ करायला लावते. गिऱ्हाइकाने नावाला भुलू नये. आधी काडतूस, मग रायफल हा क्रम पाळावा.

हवी ती रायफल दुसऱ्या परवानाधारकाकडे सापडली, की कागदांचा प्रवास सुरू होतो. विक्रेत्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला खरेदीदाराचे नाव-पत्ता देऊन लेखी कळवायचे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे. हत्यार दुसऱ्या राज्यात असेल तर ना हरकत दाखले, वाहतुकीची परवानगी, दोन्हीकडच्या नोंदी. मध्येच निवडणूक लागली, तर आचारसंहितेच्या काळात हत्यारे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि सगळे ठप्प होते. परवान्यावर खरेदीसाठी दिलेली मुदत मात्र सरत राहते. ती वाढवून घ्यायला पुन्हा अर्ज.

कडक तपासणीला विरोध करण्याचे कारण नाही. बंदूक सहज मिळणाऱ्या देशांत शाळांमध्ये काय घडते, ते आपण वाचतो. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मर्यादा घातली, तिच्यामागचा विचारही समजण्यासारखा आहे. तक्रार आहे ती वेगळी. ज्याला सरकारने स्वतः चौकशी करून पात्र ठरवले, त्याला चांगले, अचूक, सुरक्षित हत्यार मिळावे याची जबाबदारी कोणी घेतली नाही. आयात बंद केली तेव्हा देशी कारखान्याला स्पर्धाच उरली नाही, आणि दशकानुदशके तीच .३१५ थोड्याफार फरकाने निघत राहिली. जुनी झिजलेली रायफल लाखो रुपये देऊन घेणारा माणूस आपल्या आणि शेजारच्याच्या जिवाशी खेळतो. कायद्याचा हेतू तर उलट आहे.

शेतकऱ्याचे तर याहून वेगळे दुखणे. रानडुकरांनी भुईमूग उकरला, मका आडवा केला, की कोकणात आणि पश्चिम घाटात ठासणीच्या बंदुकीचीच आठवण होते. शस्त्र कायदाही पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक आणि गुळगुळीत नळीची बंदूक यांच्याकडेच बोट दाखवतो. विलायती रायफलीचा शोध हा बहुधा नेमबाजाचा किंवा संग्राहकाचा असतो, शेतकऱ्याचा क्वचितच. पण चांगल्या देशी हत्याराचा अभाव दोघांनाही सारखाच जाचतो.

चित्र थोडे बदलू लागले आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनी खासगी कंपन्यांना उत्पादनाची वाट मोकळी केली. वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश नावाने उत्तर प्रदेशात हरदोईला .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या; ईशापूर कानपूरच्या कंपनीकडे गेले, तर खडकीचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे. नागरिकांसाठीच्या शिकारी-क्रीडा रायफलीत मात्र ब्रनोच्या तोडीची देशी रायफल अजून यायची आहे. खडकीने ७ मिलिमीटर माउझरसारख्या एखाद्या जुन्या काडतुसाची वर्षातून एक छोटी खेप जरी काढली, तरी देशभर भिंतींवर टांगलेल्या कितीतरी चांगल्या रायफली पुन्हा नेमबाजीच्या मैदानावर येतील.

तोवर ज्यांच्या घरात आजोबांची रायफल आहे, त्यांनी ती माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवू नये. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षे राहिले, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागण्याची सोय २०१६च्या नियमांत आहे. निधनानंतरही वारसाला अर्ज करता येतो. हे वेळेत न केल्यामुळे अनेक सुंदर रायफली पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात चिठ्ठी बांधून गंजत पडतात. आणि जे विकत घेऊ पाहतात त्यांनी इसार देण्याआधी तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात: नळीवरचा क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळतो का, बोअर अनिषिद्ध आहे का, आणि त्याचे काडतूस आजच्या तारखेला जवळच्या दुकानात मिळते का. यातले एक जरी 'नाही' असेल, तर कितीही मोह झाला तरी ती रायफल घेऊ नये.